सोयीसाठी स्थिर

ट्राम वळणावर आली आणि डब्यातले दिवे गेले. गेले म्हणजे पापणी लवावी तेवढेच. वरच्या तारेला टेकलेला दांडा क्षणभर सुटला, ठिणगीचा निळसर उजेड काचेवरून सरकला, पायाखालची घरघर अडखळली आणि पुन्हा सुरू झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. समोरच्या बाकावरची बाई स्वेटर विणत होती, तिचा टाकासुद्धा चुकला नाही. फक्त सर दचकले. त्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. एवढ्याशा गोष्टीनं आपण दचकतो याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम होतात, तशा त्या झाल्या.

गंमत अशी की सरांचं सगळं आयुष्य ज्या समीकरणाच्या सोबतीत गेलं, ते नावारूपाला आलं असल्याच दांड्यामुळं. विजेवर धावणारी गाडी, वरची ताणलेली तार, तिला खालून रेटणारा दांडा. तार लवते, दांडा उसळतो. हे कागदावर उतरवायला बसलेल्या माणसांच्या हाती एक विचित्र समीकरण लागलं. साध्या समीकरणात एखादी गोष्ट आज कशी आहे त्यावरून ती पुढच्या क्षणी किती बदलणार हे ठरतं. इथं तेवढ्यानं भागत नाही. आज कशी आहे हे तर हवंच, शिवाय आजच्या निम्म्या वयात ती कशी होती हेही लागतं. निम्मंच असं नाही, तिसरा हिस्सा असेल, नऊ दशांश असेल. पण सर वर्गात नेहमी निम्मंच घ्यायचे. मुलांना समजायला सोपं, आणि खरं सांगायचं तर सरांनाही. कालच्यावरून आज ठरतं असं असतं तर निराळं. तिथं मागं वळून बघायचं अंतर ठरलेलं असतं. इथं ते वयाबरोबर वाढत जातं. दहाव्या वर्षी पाचव्यात डोकवायचं, चाळिसाव्या वर्षी विसाव्यात. जितकं पुढं जावं तितकं मागचं लांबून ओढतं.

सरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते, पण त्यांच्या मनात या समीकरणाचं एक चित्र होतं. प्रत्येक माणसाच्या मागून एक माणूस चालत असतो. दोघं निघतात एकाच दारातून, एकाच क्षणी, पण मागचा निम्म्या वेगानं चालतो. तो कुणी परका नसतो. तुम्ही जिथून गेलात तिथूनच तो येत असतो, त्याच रस्त्यानं, त्याच दुकानांवरून, आणि तुमचं पाऊल आता कसं पडणार हे अर्धंमुर्धं त्याच्या पावलावर असतं. तुम्ही सत्तावन्नाव्या वर्षी निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत असता तेव्हा तो तिकडं अठ्ठाविसाव्यात, जेमतेम दाढी करून, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला असतो. तुम्हाला उगाच हुरूप येतो आणि कळत नाही का. सरांना या वर्षी चौसष्टावं लागलं. म्हणजे मागचा बत्तिसाव्यात शिरला. हे त्यांच्या ध्यानात आलं ते वाढदिवसाला नव्हे, तर परवा, हा प्रबंध वाचताना, एका ओळीपाशी.

प्रबंध हळूबाईचा. हे नाव गणित विभागातल्या कारकुनानं ठेवलेलं. ती इतक्या हळू बोलायची की तिच्याशी बोलणाराही आपोआप आवाज खाली आणायचा, आणि मग दोघं मिळून काही कट करताहेत असं वाटायचं. बत्तीस वर्षांची, हडकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सकाळी एका शिकवणीवर्गात अंकगणित, संध्याकाळी दुसऱ्यात बीजगणित, आणि मधल्या फटीत हा प्रबंध, आठ-नऊ वर्षं. तिचे मार्गदर्शक मध्येच दुसरीकडं निघून गेले, आणि या समीकरणातलं कळणारं विभागात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून परीक्षक म्हणून सरांना घरून बोलावलं. विभागप्रमुख हा सरांचाच जुना विद्यार्थी, चटपटीत, जिना चढताना फोनवर बोलणारा. त्यानं फोन केला तेव्हाही तो जिनाच चढत होता. म्हणाला, सर, काही नाही, नुसती औपचारिकता आहे. तिला एका मोठ्या संस्थेत नोकरी मिळतेय, फक्त पदवी झाल्याचं पत्र हवंय, शुक्रवारी तुम्ही आलात, दोन प्रश्न विचारलेत, सही केलीत की संपलं. सर हो म्हणाले. सर फोनवर नाही म्हणू शकत नसत. समोरासमोरही नसत, पण फोनवर तर मुळीच नाही.

तर ती ओळ. हळूबाईचं म्हणणं असं होतं, की वस्तूचा आताचा आवर, म्हणजे तिला शांत करणारा जोर, जर मागच्या ओढीपेक्षा जास्त असेल, तर ती वस्तू शेवटी शांत होते. कशीही सुरुवात होवो, तिची धडपड कमी कमी होत जाते. साध्या समीकरणात जशी झपाट्यानं होते तशी नाही, हळूहळू, रेंगाळत. कारण मागचं सतत हात धरत असतं. विसरणं असतं, पण घाईचं नसतं. हे वाचताना सरांना बरं वाटलं होतं. पुढं तिनं एक युक्ती केली होती, या विषयातली नेहमीचीच. घड्याळ बदलायचं. नव्या घड्याळात वय दुप्पट झालं की एक ठोका. एकाचे दोन झाले, एक ठोका. तिसाचे साठ झाले, तोही एकच ठोका. मग आजपासून निम्म्या वयापर्यंतचं अंतर नेहमी सारखं, एका ठोक्याचं, आणि सगळं ओळखीचं, हाताळता येईल असं होऊन जातं. पण याची एक किंमत असते. नव्या घड्याळात जन्माचा क्षण उरत नाही. तो मागं मागं सरकत अनंतात जातो. सुरुवात मग मध्येच कुठंतरी करावी लागते, आणि मध्येच सुरुवात करायची तर आधीच्या एका पूर्ण ठोक्याचा इतिहास लागतो, त्यातला क्षण न् क्षण. तिथं हळूबाईनं लिहिलं होतं: सोयीसाठी भूतकाळ स्थिर धरू. आणि पुढची चाळीस पानं त्यावर उभी होती.

स्थिर धरू म्हणजे काय, सपाट. एक आडवी रेघ. जणू माणूस तिसाव्या वर्षी भेटला तर पंधरा ते तीस तो जसाच्या तसा बसून होता. सर त्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. मागची पानं उलटली, कुठं कारण दिलंय का पाहिलं. नव्हतं. मग त्यांना पहिला विचार आला तो त्यांच्या स्वभावाप्रमाणं, की आपल्यालाच कळलं नसणार. इतक्या वर्षांत काही नवं निघालं असेल, आता सगळ्यांना माहीत असेल, लिहायचीही गरज राहिली नसेल. त्यांनी कपाटातली पुस्तकं काढली. रात्री जेवताना ते पोळीचा तुकडा हातात धरून बसले. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, एक शंका आहे.

बायको शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिच्या आवाजातलं मैदान गेलं नव्हतं. तिनं मीठ मागितलं तरी शेजारचं कुणीतरी ताठ उभं राहायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं, समीकरणासकट, कारण सरांना मधूनच सांगता येत नसे. मग म्हणाली, तुम्हाला भाजी आणायला पाठवलं तर तुम्ही आधी बाजार आहे की नाही हे सिद्ध करता, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कळलं होतं. सर हसले. तीही हसली. मग हात पुसता पुसता ती जे बोलली ते सर पिशवीत घालून आज ट्राममध्ये घेऊन बसले होते.

“शंका विचारा की. पण चेहरा जरा बरा ठेवा. तुम्ही शंका विचारता तेव्हा समोरच्याला वाटतं, रिपोर्ट वाईट आलाय आणि डॉक्टर सांगायला कचरताहेत.”

ट्राम थांबली, काही माणसं उतरली, काही चढली. स्वेटरवाली उतरून गेली. तिच्या जागी एक म्हातारा छत्री पायांत धरून बसला. सरांनी मनात वाक्यं जुळवून पाहिली. इथं जरा स्पष्टीकरण हवं होतं. नको, हे फार कोरडं. काम छान आहे, फक्त. त्यातलं ‘फक्त’ ऐकल्यावर आधीचं कुणाला ऐकू येतं? मला वाटतं मलाच समजलं नाही. हे खरं होतं, पण परीक्षकानं असं म्हटलं की लोक त्याचा अर्थ उलटा घेतात. आणि न विचारावं तर? दोन साधे प्रश्न, सही, घरी. पोरगी नोकरीला लागेल, चष्म्याची काडी नवी करून घेईल. कुणी ती चाळीस पानं कधी उघडणारसुद्धा नाही. सरांना हा विचार इतका सहज आला की ते घाबरले. आणि त्याच्यामागोमाग दुसरा, जास्त खोलातला: उघडेल. एक दिवस तीच उघडेल. शांत बसली असताना तिला ती ओळ दिसेल, आणि दिसेल की परीक्षकालाही दिसली होती.

मागचा माणूस आता त्या खोलीच्या दाराशी येऊन उभा होता. सरांना ती खोली बघायची गरज नव्हती, वास आला तरी पुरे. खोकल्याच्या गोळ्या, जुन्या पुठ्ठ्यांची बांधणी, आणि खिडकीत वाळत घातलेला हातरुमाल. मोठे सर, म्हणजे सरांचे सर, टेबलापाशी बसलेले. बत्तिसाव्या वर्षातल्या सरांनी सहा-सात महिने खपून एक निबंध लिहिला होता, याच समीकरणावर, लहानसाच. मोठ्या सरांनी तो शांतपणे वाचला. त्यांच्या बोटाला नेहमी खडू लागलेला असायचा. ते बोट कागदावरून उतरत उतरत आलं आणि एका ओळीवर थांबलं. हे इथं कसं आलं रे, त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. बोट उचललं तेव्हा ओळीखाली पांढरा ठिपका राहिला होता. आणि सर म्हणाले, चूक आहे, सर. इतक्या पटकन, की जणू ते वाक्य तोंडात तयारच धरलं होतं. त्यांनी कागद गोळा केले. मोठे सर काहीतरी बोलणार होते असं वाटलं, पण तोवर सर दारापर्यंत पोचले होते, आणि दारातून माफ करा म्हणाले होते. रस्त्यावर ऊन होतं. त्यांना आठवतं, त्यांना हलकं वाटलं होतं. आता कुणी काही विचारणार नाही या विचारानं येतं तसं हलकं. कागद ट्रंकेत गेले. पुढं त्यांनी शिकवलं, चांगलं शिकवलं, मुलं अजून रस्त्यात थांबून नमस्कार करतात. पण स्वतःचं म्हणून काही लिहिलं नाही. यात कुणाचा दोष नव्हता. नदीला बांध घालावा तसं काही झालं नव्हतं. पाणी आपणहून दुसरीकडून गेलं, तिकडंही शेतंच होती.

विभागाची इमारत तीच, रंग नवा. जिन्याच्या कठड्याला तळहात लागला तेव्हा सरांना वाटलं की लाकूड आपल्याला ओळखतंय. हळूबाई वर्गाबाहेर उभी होती. तिनं आज इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती तिला दुसऱ्याची असल्यासारखी दिसत होती. विभागप्रमुख आला, सरांच्या पाया पडल्यासारखं करून कमरेतून वाकला, म्हणाला, तुम्ही दोघं आत बसा, मला एक बैठक आहे, मी मग येतो सहीसाठी. बाहेरच्या परीक्षकांचा होकार पोस्टानं आलाच आहे, आता तुमचंच राहिलंय. आणि हळूबाईकडं पाहून, खेळीमेळीनं, सर फार कडक आहेत बरं का, असं म्हणाला. तो विनोद होता. हळूबाईचा चेहरा पांढरा पडला.

वर्ग रिकामा होता. सर टेबलामागं बसले नाहीत. बसले असते तर ते टेबल तिच्यावर चालून गेलं असतं असं त्यांना वाटलं. ते पहिल्या बाकावर बसले. ती उभीच राहिली, मग फळ्याशी. त्यांनी दोन सोपे प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, बरोबर दिली, शेवटचा शब्द खाऊन. सरांना कळत होतं की आता उठता येईल. शुक्रवारची दुपार होती, खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं चाक फिरवून पाहत होतं, त्याचा टकटक आवाज येत होता आणि हळू होत होता. सरांनी प्रबंध उघडला. पान त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी चेहरा बरा ठेवायचा प्रयत्न केला आणि तो आणखीच बिघडला असावा.

“इथं तुम्ही भूतकाळ स्थिर धरलाय,” ते म्हणाले. “तसा तो नसेल तर?”

सर विद्यार्थ्यांनाही तुम्हीच म्हणत. हळूबाईनं पान पाहिलं. पाहिलं असंही म्हणता येणार नाही, नजर त्यावर टेकवली आणि उचलली. मग ती म्हणाली, “हो सर. चूक आहे.”

 ती कागद गोळा करायला लागली होती. बोटं फार नीटनेटकी हलत होती, कडा जुळवत होती. ती म्हणत होती की मी प्रबंध परत घेते, सर, तुम्हाला उगाच त्रास झाला, नोकरीचं मी कळवून टाकते तिकडं; आणि हे सगळं ती जवळजवळ आनंदानं म्हणत होती. सरांनी तो आनंद ओळखला. ते ऊन ओळखलं.

आणि त्या क्षणी त्यांना मोठ्या सरांचं शेवटचं भेटणं आठवलं, जे त्यांनी इतकी वर्षं आठवलं नव्हतं, की आठवू दिलं नव्हतं. मोठे सर आजारी होते. सर संत्री घेऊन भेटायला गेले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, तब्येत, औषधं, नातवंडं. सर निघाले तेव्हा ते उशीवरून मान वळवून म्हणाले होते, अरे, त्या दिवशी तू निबंध घेऊन पळालास. मी किती दिवस वाट बघितली. मला ती ओळ खरंच समजली नव्हती रे, म्हणून विचारलं होतं. तुला येत असेल म्हणून विचारलं होतं. सर उभेच होते, पिशवी हातात. त्यांनी तेव्हाही माफ करा म्हटलं होतं. मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले होते, थकल्यासारखे.

“थांबा,” सर म्हणाले. ते बाकावरून उठले, गुडघा वाजला. “चूक आहे असं मी म्हटलं नाही. मी विचारलं. मला माहीत नाही. तुम्ही नुसतं हो म्हणालात तर मला कुणाकडून कळायचं?”

ती थांबली, कागद छातीशी धरून.  तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सरांना नीट वाचता आलं नाही. ते घाबरणं होतं की आणखी काही. मग सरांनी जे केलं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि तिच्या बाजूनं बोलायला लागले. म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध. समजा, ते म्हणाले, ही तुमची ओळ अगदी योग्य आहे. समजा भूतकाळ असा वरखाली आहे. त्यांनी एक वेडीवाकडी रेघ काढली. त्यांच्या हातून ती नको तितकी वेडीवाकडी आली. आता मी म्हणतो, त्याच्याऐवजी सपाट रेघ घेतली तरी बिघडत नाही. कुठली सपाट? सरासरीची. सगळे चढउतार मिळून जी सरासरी येते ती घ्यायची, आणि पुढं जायचं. मग तुमची सगळी पानं जशीच्या तशी उभी राहतात. हे ते म्हणाले ते निम्मं तिला बोलतं करायला आणि निम्मं खरोखरच; बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. त्यांनी सरासरीची आडवी रेघ मारली, तिच्यावरून पुन्हा एकदा खडू फिरवला, दोन पायऱ्या खाली लिहिल्या, तिसरी लिहायला घेतली.

“नाही सर,” हळूबाई म्हणाली.

सर लिहीतच होते.

“सर, सरासरी नाही चालणार.” आता आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत गेला असता. “सरासरीत टोकं बुडतात. मागं एका जागी मोठं टोक असलं तर पुढं दुप्पट वयात त्याची ओढ लागणारच. सरासरीला ते दिसतच नाही. तुम्ही भलतंच लिहिताय.”

भलतंच हा शब्द तिचा तिलाच ऐकू आला, आणि ती ओठ दाबून उभी राहिली. सरांनी फळ्याकडं पाहिलं. भलतंच होतं. एकदा कळल्यावर इतकं उघड होतं, की त्यांना हसू आलं. त्यांनी खडू तिच्यापुढं धरला. तिनं कागद टेबलावर ठेवले, कडा न जुळवता, आणि खडू घेतला. सर परत बाकावर जाऊन बसले.

ती बराच वेळ काहीच लिहीत नव्हती. वेड्यावाकड्या रेघेकडं बघत होती. मग तिनं सरांची सरासरीची रेघ तळहातानं पुसली आणि रेघेच्या सगळ्यात उंच टोकाला टेकवून एक नवी आडवी रेघ काढली. टोकं, ती म्हणाली, स्वतःशीच. सर, सपाट कशाला हवाय भूतकाळ? काहीही होऊ दे मागं. ते सगळं या रेघेच्या खाली आहे एवढंच मला पुरे. आता पुढं चालू. समजा आपली वाट वर चढत चढत या रेघेला टेकली. टेकली त्या क्षणी बघू. आवर किती? या उंचीइतका, पूर्ण. मागची ओढ किती? मागं कुठंच या रेघेपेक्षा उंच काही नव्हतं, म्हणजे ओढ फार तर या उंचीची. आणि आवर ओढीपेक्षा मोठा, हे तर आपलं गृहीतच आहे. मग वाट कुठं जाणार? खाली. ओलांडूच शकत नाही. ती भराभर बोलत होती आणि साडीचा काठ खडूनं पांढरा होत होता. आणि एकदा ओलांडू शकत नाही म्हटलं की पुढं पुढं रेघच खाली आणता येते, कारण नवा इतिहास जुन्यापेक्षा बुटका; मग त्यापुढचा आणखी बुटका. तिनं एकाखाली एक रेघा काढल्या, उतरत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब.

सर ऐकत होते. तिनं जे फळ्यावर काढलं होतं ते त्यांना दिसत होतं, आणि आणखीही काही दिसत होतं, ज्याला शब्द दिला असता तर ते लाजले असते: की मागचं सपाट करावं लागत नाही, पुसावं लागत नाही, समजूनसुद्धा घ्यावं लागत नाही, ते किती उंच गेलं होतं एवढं धीर करून एकदा बघावं लागतं. पण हा त्यांचा अर्थ होता. तिचा प्रश्न अजून उभा होता. त्यांनी नेहमीच्या, मऊ, कचरणाऱ्या आवाजात विचारलं, की शांत होतं हे आलं, पण किती सावकाश होतं ते तुम्ही शेवटच्या प्रकरणात काढलंय, ते या रेघांवरून निघेल का? त्याला तर सपाट इतिहासच वापरलाय सगळीकडं.

तिनं होही म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसला. म्हणाली, माहीत नाही. निघेल असं वाटतं. वेगळं घ्यावं लागेल. मग पुन्हा फळ्याकडं वळली आणि लिहायला लागली, पुसायला लागली. सर पुढं झुकले. एकदा त्यांनी मध्येच काही सुचवलं तेव्हा तिनं डावा हात वर करून त्यांना गप्प केलं, रस्ता ओलांडताना लहान मुलाला थांबवतात तसं. सर गप्प बसले. इतकं बरं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

दारावर टकटक झाली आणि विभागप्रमुखानं आत डोकं घातलं. बैठक आटोपली होती, हातात पेन होतं. फळा पाहून तो हसला, म्हणाला, अरे वा, जोरात चाललंय. मग सरांना म्हणाला, झालं ना, सर? कागद खाली तयार आहेत, कार्यालय बंद व्हायच्या आत सही झाली की पत्र आजच जाईल.

सरांनी तोंड उघडलं. त्यांना नेमकं ठाऊक होतं, पुढच्या अर्ध्या मिनिटात हो म्हटलं तर या पोरीला नोकरी मिळते आणि नाही म्हटलं तर कदाचित जाते, आणि दोन्ही शब्द त्यांच्या जिभेवर सारखेच जड होते. त्यांनी फळ्याकडं पाहिलं.

“नाही झालं,” हळूबाई म्हणाली.

विभागप्रमुखाला वाटलं तिला समजलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, की प्रश्न सरांच्या सहीचा आहे, आणि ती संस्था काही थांबून राहणार नाही, रांग लागलेली असते. तिला ते समजत होतं. तिचा चेहरा ते समजल्यासारखाच झाला होता, ओठांच्या कडा खाली आल्या होत्या. तरी तिनं खडू खाली ठेवला नाही. शेवटचं प्रकरण बदलायला लागेल, ती म्हणाली, ते आधी करते. तिकडं थांबले तर थांबले.

मग त्यानं सरांकडं पाहिलं, जिन्यातल्या माणसाच्या घाईनं, आता तुम्ही तरी सांगा अशा नजरेनं. “सर, अहो, किती वेळ लागेल याला?”

“मला नाही माहीत,” सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं, वर्गात, घरी, फोनवर, आणि दर वेळी ते माफीसारखं बाहेर पडलं होतं. आज पडलं ते नुसती माहिती म्हणून. विभागप्रमुख काही क्षण वाट बघत उभा राहिला, पुढं काही येतं का म्हणून. पुढं काही नव्हतं. सरांनी बाकावर सरकून थोडी जागा केली आणि त्याला म्हणाले, बसा ना, तुम्हालाही कळेल. बाईंचं अजून चाललंय.

तो बसला नाही. घड्याळाकडं पाहत, दार उघडंच टाकून निघून गेला. तिनं ते लावून घेतलं आणि परत येऊन, कुठवर आलो होतो, असं सरांना विचारलं.